मशीनचा धूर आणि पंपाचं फुस्स

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे. थंडी सुरू झाली की सर्दी होते आणि दुसऱ्या रात्री छाती घरघरायला लागते. आमच्या डॉक्टरांनी पंप (इन्हेलर) आणि मास्कवाला स्पेसर (पंप आणि तोंडाच्या मध्ये लावायची प्लॅस्टिकची नळी) दिलाय. पण त्याने काही होत नाही असं सासूबाई म्हणतात. दवाखान्यात मशीनने (नेब्युलायझरने) वाफ दिली की मात्र तासाभरात पोरगं खेळायला लागतं. मिस्टर मशीनच विकत आणू म्हणतात. आणावं का? आणि इतक्या लहानपणी पंपाची सवय तर लागणार नाही ना?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंना दोष देऊ नका. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची काही वर्षं माझंही मत तेच होतं. मशीन लावलं की घर्रर्र आवाज येतो, मास्कमधून पांढरा धूर निघतो, पोराचे गाल ओले होतात. काहीतरी चाललंय असं वाटतं. पंपाचं काय, एकदा फुस्स झालं की संपलं. पण आज्यांना मी एकच सांगते : मास्कच्या कडेने जो धूर बाहेर पडताना दिसतो, तो बाळाच्या छातीत न गेलेला धूर आहे.

हिशेबच बघा. लहान मुलाला मशीनमधून एका वेळी साधारण 2.5 मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, देतात, म्हणजे 2500 मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका पफमध्ये असतं 100. चार पफ दिले तरी 400च. एवढा फरक असून परिणाम बरोबरीचा येतो, कारण मशीनमधलं बरंचसं औषध ते ओततात त्या कपाला चिकटून राहतं, नाहीतर खोलीत उडून जातं. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2013 साली याबद्दलचे प्रयोग एकत्र करून तपासले. मशीन असो की स्पेसर, दाखल करावं लागण्याचं प्रमाण सारखंच होतं. उलट स्पेसरवाली मुलं तातडीच्या विभागातून लवकर घरी गेली आणि त्यांची नाडीही कमी वाढली. (जीव धोक्यात असलेल्या झटक्यांचे रुग्ण त्या प्रयोगांत नव्हते, हेही सांगायला हवं.)

मग तुमच्याकडे फरक का पडत नाही? मला वाटतं, औषध पोचतच नसावं. परवा पंचवटीतली एक आई अशीच तक्रार घेऊन आली. म्हटलं, घरी देतेस तसं माझ्यासमोर दे. तिने पंप हलवला नाही. पोरगं रडेल म्हणून मास्क तोंडापासून दोन बोटं लांब धरला. फुस्स फुस्स फुस्स, तीन पफ एकदम मारले आणि लगेच स्पेसर बाजूला ठेवला. चुका चार झाल्या, पण तिला बोलावं असं एकीतही नव्हतं, कारण कुणी करून दाखवलंच नव्हतं. चिठ्ठी लिहायला आम्हाला एक मिनिट लागतं, हे शिकवायला दहा. ती दहा मिनिटं ओपीडीच्या गर्दीत कुठे जातात ते आम्हा डॉक्टरांनाच ठाऊक.

तर असं करा. बाळाला मांडीवर घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला टेकवा. पंप चांगला हलवा. मास्क नाक आणि तोंडावर कुठेही फट न ठेवता बसवा, मग एकच पफ दाबा. आता स्पेसरच्या झडपेकडे बघा. ती पाच-सहा वेळा हलली म्हणजे तेवढे श्वास झाले. पुढचा पफ अर्ध्या मिनिटाने, पंप परत हलवून. रडताना औषध खोल जातं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. रडणारं मूल लांब उच्छ्वास सोडतं आणि मध्येच घाईने हवा ओढतं, त्यामुळे औषध घशातच बसतं. म्हणून बरं असतानाच मास्क खेळायला द्या, आधी टेडीला लावा, मग बाबांना.

स्पेसर धुताना भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुचकळा आणि तसाच वाळू द्या. पुसू नका. एक आजी रोज पदराने पुसून तो चकाचक ठेवायच्या. घासल्याने प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. पंप संपला का, हे पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला गॅस फुस्स करत राहतो. वर आकडा दिसत असेल तर तो बघा, नसेल तर पफ मोजून कॅलेंडरवर लिहा.

मशीन वाईट नाही. ऑक्सिजन कमी झालेलं मूल असेल तर आम्हीही ऑक्सिजनवर तेच लावतो. पण घरी त्याला दहा मिनिटं लागतात, कप दर वेळी धुवावा लागतो आणि वीज लागते. निफाडला मळ्यावर रात्री लाइट गेली, किंवा एसटी कसारा घाटात अडकली, की मशीनचा काय उपयोग? स्पेसर पिशवीत मावतो. तेव्हा मशीनचे पैसे वाचवा.

आणि हो, मशीनच्या धुराला आपण ‘वाफ’ म्हणतो, पण ती गरम पाण्याची वाफ नव्हे. पातेल्यावर पोराला धरल्याने मांड्या भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. घरघर त्याने थांबत नाही.

सवय लागत नाही. तीन वर्षांच्या आत तीनातल्या एका मुलाला तरी एकदा घरघर होते. सर्दीबरोबर येणारी घरघर बहुतेकांची शाळेत जाईतो थांबते, पंपही सुटतो.

मात्र बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, दूध किंवा बोलणं सुटलं असेल, ओठ निळे दिसत असतील, मूल सुस्त पडलं असेल, तर पंप देत देत रिक्षात बसा. सांगितलेले पफ देऊन चार तासांच्या आत परत लागत असतील तरी त्याच रात्री दाखवा. सर्दी नसताना, शेंगदाणे खाताना ठसका लागून एकदम घरघर सुरू झाली, तर घरी पंप-मशीन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो.

प्रश्न : भावाची रोटाकॅप (यंत्रात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल) सहा वर्षांच्या मुलीला चालेल का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : भावाची नको. औषध तेच असेल असं नाही. शिवाय कोरड्या पावडरचं यंत्र मुलाने स्वतः जोरात ओढलं तरच चालतं. सहाव्या वर्षी काही मुलांना ते जमतं, काहींना नाही, आणि दम लागलेला असताना तर आणखीच अवघड. तिला दवाखान्यात नेऊन ओढून दाखवायला लावा. आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची नसते, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मागच्याच महिन्यात एक आजोबा पंधरा दिवस गिळत होते आणि फरक पडत नाही म्हणून माझ्याशी भांडायला आले होते.