आधी पोटातलं पाणी तपासा

प्रश्न : आमचा बोका दहा महिन्यांचा आहे. बरेच दिवस ताप येतो-जातो, अँटिबायोटिकने उतरत नाही. पाठीची हाडं लागायला लागलीत आणि पोट मात्र फुगत चाललंय. रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडी निघाल्या, म्हणून 'हा एफआयपी (फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस) आहे, वाचणार नाही, त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवा' असं सांगितलं गेलं. खरंच काही उपाय नाही का? घरात आणखी एक मांजर आहे, तिला आणि आम्हाला धोका आहे का?

उत्तर : एवढ्या एका कागदावर त्याला झोपवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या अँटिबॉडींचा अर्थ इतकाच, की मांजरांमधल्या कोरोना विषाणूशी त्याची कधीतरी गाठ पडली. अनेक मांजरं एकत्र राहतात तिथे ती बहुतेकांची पडते. थोडे जुलाब होतात, कित्येकदा तेही नाहीत. मोजक्या मांजरांच्या शरीरात हा विषाणू बदलतो, आतडं सोडून पांढऱ्या पेशींत शिरतो आणि रक्तवाहिन्यांना सूज आणतो. मग पाणी झिरपून पोटात नाहीतर छातीत साठतं. हाच एफआयपी.

तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि बोक्याचं वय पाहता संशय मलाही येतो. हा आजार जास्त करून दोन वर्षांच्या आतल्या मांजरांना होतो. पण खात्रीसाठी पोटातलं थोडं पाणी सुईने काढून घ्या. एफआयपीचं पाणी बहुधा पिवळसर आणि चिकट असतं, तार धरतं, त्यात प्रथिनं भरपूर असतात. रिवाल्टा चाचणी तर दवाखान्यातच होते : डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घालून त्यावर पोटातून काढलेल्या द्रवाचा थेंब सोडतात. थेंब विरून गेला तर एफआयपीची शक्यता बरीच कमी होते. न विरता टिकला तर संशय बळावतो, पण जंतुसंसर्गातही तसं होऊ शकतं. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहाव्यात आणि पोटातल्या याच पाण्याची पीसीआर, म्हणजे विषाणूचा अंश शोधणारी चाचणी करावी. रक्तातल्या अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांचं गुणोत्तरही विचारून घ्या. ते ०.४ च्या खाली असेल तर संशय पक्का होत जातो, ०.८ च्या वर असेल तर दुसरं कारण शोधायला हवं.

पाणी न साठणारा प्रकारही असतो. त्यात डोळ्यांचा रंग बदलतो, तोल जातो, झटके येतात. डोळे नीट तपासून घ्या, कारण डोळ्यांत किंवा मेंदूत आजार असेल तर औषधाची मात्रा वाढवावी लागते.

आणि हो, औषध आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक संशोधक नील्स पीडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे विषाणूविरोधी औषध ३१ आजारी मांजरांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातली २५ दीर्घकाळ बरी राहिली. त्याआधी आम्ही फक्त स्टिरॉइड देऊन दिवस ढकलत होतो. उपचार साधारण बारा आठवडे चालतो आणि मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर आठवड्याला वजन करा. लागू पडलं तर ताप काही दिवसांतच उतरतो. सगळं पाणी उपसून काढायचा आग्रह मात्र धरू नका; श्वास अडत असेल तरच ते काढतात. तोंड उघडून श्वास घेत असेल तर आजच दवाखाना गाठा.

तुम्हाला या विषाणूचा धोका नाही. बदललेला विषाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये पसरलेला प्रकार हा अपवाद होता. मूळ विषाणू विष्ठेतून पसरतो आणि तो तुमच्या दुसऱ्या मांजरीपर्यंत बहुधा पोचलेलाच असेल. तिला वेगळं कोंडून ताण देऊ नका. दोघांचे शी-शूचे डबे वेगळे ठेवा, रोज साफ करा आणि खाण्याच्या भांड्यांपासून लांब ठेवा.