दुरुस्ती 32,000 रुपयांची, व्याज 42,000 रुपयांचे

इंदूरहून रोज पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामावर जाणाऱ्या एका वाचकांची 2012 सालची पेट्रोल गाडी खड्ड्यांतून जाताना पुढून खडखडते, साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि डावा टायर आतल्या कडेने पार झिजला आहे. मेकॅनिकने दोन्ही लोअर आर्म, टाय रॉड एंड, लिंक रॉड, शॉकअब्सॉर्बर आणि स्टिअरिंग रॅक मिळून 32,000 रुपये सांगितले. हा खर्च क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी करावा, की सात लाखांचे कर्ज काढून नवी गाडी घ्यावी, असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी लिहिले आहे की कार्डावर 85,000 रुपये थकले असून दरमहा किमान रक्कमच भरली जाते. बँकेतून घेतलेल्या वीस वर्षांच्या विमा पॉलिसीचे 72,000 रुपयांचे पाच वार्षिक हप्ते भरून झाले आहेत. सहाव्या हप्त्याचे पैसे बचत खात्यात तयार आहेत. आणि पॉलिसीचे पैसे ‘दुप्पट’ होणार असल्याने गाडीचे कर्ज त्यातून फिटेल, असे त्यांना वाटते.

दुरुस्तीच करा. सात लाखांना साडेनऊ टक्के दराने सात वर्षांसाठी महिन्याला साडेअकरा हजारांच्या घरात हप्ता पडेल, म्हणजे तीन हप्त्यांत अख्खी दुरुस्ती होते. गाडीची नोंदणी 2027 पर्यंत आहे आणि फिटनेस तपासणीत गाडी उतरली तर पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मात्र लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे आर्म चाकाकडे जोडणाऱ्या गोल सांध्यात, किंवा टाय रॉड एंडमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला असेल, तर पीथमपूरच्या ट्रकांमधून ती गाडी एक दिवसही नेऊ नका. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवे होते. रॅक दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा, कारण पुष्कळदा रॅक चांगला असतो आणि त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे रॅक एंड, तेवढा सैल झालेला असतो, जो बराच स्वस्तात बदलून होतो. शॉकअब्सॉर्बर जोडीनेच बदला आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवा टायरही आतूनच खाल्ला जाईल.

पण 32,000 रुपयांसाठी रात्रभर विचार करणारा माणूस कार्डाकडे डोळेझाक कशी करतो, हे मला उमगत नाही. महिन्याला साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर जीएसटी धरला, तर 85,000 रुपयांवर तुम्ही महिन्याला साडेतीन हजार, म्हणजे वर्षाला 42,000 रुपये घालवता. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही, त्यामुळे दुरुस्ती कार्डावर टाकण्याचा विषयच संपला. आणि हे चालू असताना 72,000 रुपये बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास व्याजावर पडून आहेत, तेही कशासाठी, तर अशा पॉलिसीसाठी जिची शिफारस मी कोणालाही करणार नाही.

‘दुप्पट’चा हिशेब मांडा. वीस वर्षे दरसाल भरलेले पैसे शेवटी खरोखर दुप्पट झाले, तरी परतावा सहा टक्क्यांच्या जरासा वर जातो. शिवाय तो मिळायला अजून पंधरा वर्षे आहेत आणि गाडीचे कर्ज सात वर्षांत फेडायचे आहे. विमा म्हणाल, तर अशा पॉलिसीत वार्षिक हप्त्याच्या साधारण दहापट, म्हणजे सात लाखांचे संरक्षण. मागे राहिलेल्या घराला ते किती दिवस पुरणार?

सहावा हप्ता भरू नका. आजच शुद्ध मुदत विम्याचा, म्हणजे ज्यात बचत नसून फक्त विमा असतो त्या टर्म प्लॅनचा अर्ज करा. जुन्या पॉलिसीला वार्षिक हप्ता भरायला तीस दिवसांची वाढीव मुदत असते, तोवर तिचे संरक्षण चालू राहते. त्या 72,000 रुपयांतून वीस-बावीस हजारांत गाडीचे तातडीचे काम करा आणि पन्नास हजार कार्डावर भरा. टर्म प्लॅनची पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे परत घ्या. पाच हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या निम्मे, म्हणजे 1,80,000 रुपयांच्या आसपास मिळायला हवेत. त्यातून कार्ड शून्यावर आणा आणि उरलेले अडीअडचणीसाठी मुदत ठेवीत ठेवा. आता बंद केलीत तर निम्मे बुडतील, असे बँकेतले साहेब सांगतील. ते निम्मे पहिल्या काही हप्त्यांतच गेले, पुढचे पंधरा हप्ते अजून तुमच्या हातात आहेत. सरेंडरचा आकडा बँकेकडून तोंडी घेऊ नका, विमा कंपनीच्या शाखेतून लेखी मागा.