फ्लायट्रॅपला फूल येतंय, कापू का?

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्या व्हीनस फ्लायट्रॅपला मधूनच जाड दांडा आलाय, टोकाला कळ्या. घरचे खूश, पण नवीन ट्रॅप (किडे पकडणारी पानं) अगदी बारके येतायत आणि जुने नीट मिटत नाहीयेत. दांडा ठेवू की कापू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: बिया नको असतील तर कापाच, आणि तेही दांडा चार-पाच सेंटीमीटरचा असतानाच, फुलं उमलेपर्यंत थांबलात तर झाडाच्या ताकदीचा बराचसा खर्च होऊन गेलेला असतो. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या दलदलीतलं, तिथल्या मातीत नायट्रोजन-फॉस्फरसची बोंब, म्हणून तर किडे पकडायची उठाठेव! त्यात हा दांडा ट्रॅपपेक्षा कितीतरी उंच जातो, वर फुलं, मग बिया, आणि हे सगळं पानांच्या बुडाशी असलेल्या साठ्यातून. घरात लग्न निघालं की बाकीचे खर्च आटतात, तसंच ट्रॅपचं होतं. चांगलं पोसलेलं झाड एक सीझन निभावून नेतं, पण नुकतंच कुरियरने आलेलं असेल तर दगावूही शकतं. कापलेला दांडा फेकू नका हां, ओल्या पीट मॉसमध्ये (कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) खोचून ठेवा, कधीकधी त्याला बुडाशी पिल्लं फुटतात. आणि अशक्त दिसतंय म्हणून मातीत खत अजिबात घालू नका, मुळं जळतील, पावसाचं किंवा आरओचं पाणी आणि भरपूर ऊन एवढं पुरे.

आपल्या कास पठारावरच्या ड्रॉसेरा इंडिकाला (हाही किडे खाणाराच) मात्र हा नियम लावू नका, तो वर्षायूच आहे, बिया टाकल्या की संपतो, दांडा कापून काही वाचत नाही.