तांबड्या बटू ताऱ्यांच्या खडकाळ ग्रहांवर हवा टिकते का? आणि ट्रॅपिस्ट-१ पुण्यातून दिसतो का?

काहींवर बहुधा नाही. सगळ्यांचा निकाल अजून लागलेला नाही. ट्रॅपिस्ट-१ हा असाच एक तांबडा बटू, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि थंड तारा, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या सर्वांत आतल्या 'बी' ग्रहाची दिवसाची बाजू जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२३ मध्ये मोजली: साधारण २३० अंश सेल्सिअस. दाट हवा असती तर वाऱ्यांनी ती उष्णता रात्रीच्या बाजूला नेली असती आणि आकडा बराच खाली आला असता.

मोजायची युक्ती फार सुंदर आहे. ग्रह ताऱ्याआड गेला की अवरक्त प्रकाश (डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा) जेवढा घटतो, तेवढा ग्रहाचा वाटा!

हवा उडवतात त्या ताऱ्याच्या ज्वाळा आणि क्ष-किरण. जरा लांबच्या 'ई' ग्रहावर माझी आशा आहे.

दिसण्याचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या संध्याकाळी सिंहगडावरून कुंभ रास दिसते. तारा तिथेच आहे, पण इतका मंद की गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीतूनही दिसणार नाही.