दोन प्रयोगशाळा, एक प्रयोग: एमईजी संशोधकांच्या प्रश्नांना उत्तरे

आमच्याकडे ३०६ वाहिन्यांचे (संवेदकांचे) एमईजी, म्हणजे मेंदूचे क्षीण चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजणारे, यंत्र आहे, सहयोगी संस्थेकडे २७५ वाहिन्यांचे. दोन्हीकडच्या नोंदी एकत्र करून अभ्यास करता येईल का? सुरुवात कुठून करावी? (ब्रिटनमधील एक मराठी संशोधक)

करता येईल, पण वाहिनीला वाहिनी जोडून नाही. ३०६ वाहिन्यांच्या यंत्रात १०२ जागी प्रत्येकी एक मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) आणि दोन सपाट ग्रेडिओमीटर (डोक्याच्या पृष्ठभागालगत क्षेत्रातला फरक मोजणारे) असतात. २७५ वाहिन्यांच्या यंत्रात अक्षीय ग्रेडिओमीटर (डोक्यापासून बाहेरच्या दिशेने तो फरक मोजणारे) असतात. सपाट ग्रेडिओमीटरला स्रोताच्या थेट वर सर्वांत मोठा संकेत मिळतो, अक्षीय ग्रेडिओमीटरला तो स्रोताच्या दोन बाजूंना, उलट चिन्हांनी मिळतो. एककेही वेगळी. त्यामुळे प्रत्येक व्यक्तीचे विश्लेषण आधी तिच्या एमआरआयवर बसवून मेंदूतील स्रोतांपर्यंत न्यावे आणि तुलना तिथे करावी.

पहिले काम सर्व्हर किंवा करारनामा हे नव्हे, सामाईक मोजमाप हे आहे. दोन्हीकडे एकच प्रयोग ठेवा: डोळे उघडे, नजर एका खुणेवर, पाच मिनिटे विश्रांती, सेकंदाला किमान १००० नमुने. त्याच दिवशी रिकाम्या खोलीची किमान दोन मिनिटांची नोंद घ्या. मेंदूचे चुंबकीय क्षेत्र शंभर फेम्टोटेस्लाच्या आसपास असते, पृथ्वीचे त्याच्या सुमारे पन्नास कोटी पट. लिफ्ट, रहदारी, शेजारच्या इमारतीतला एमआरआय यांचा गोंधळ त्या त्या खोलीचा आणि त्या त्या दिवसाचा असतो, म्हणून गेल्या महिन्याची रिकाम्या खोलीची नोंद चालत नाही. शिवाय एकच फँटम (ठरावीक संकेत देणारे कृत्रिम डोके) दोन्ही यंत्रांत मोजा आणि काही स्वयंसेवकांना दोन्हीकडे न्या. माणसामाणसांतला फरक कोणता आणि यंत्रांतला कोणता, हे त्याखेरीज सांगता येत नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी. सगळे रुग्ण एका केंद्रात आणि सगळे निरोगी दुसऱ्या केंद्रात अशी विभागणी झाली, तर आजार आणि यंत्र हे दोन परिणाम नंतर कोणत्याही संख्याशास्त्राने वेगळे होत नाहीत. दोन्ही गट दोन्ही केंद्रांत हवेत.

आम्ही नोंदी बाहेरच्या गटाला पाठवल्या. त्यांच्याकडे काही फाइली अर्ध्यावरच संपतात आणि निकालही आमच्याहून वेगळे येतात. चूक कुठे असावी? (पीएच.डी. विद्यार्थिनी, बंगळूर)

अर्ध्यावर संपणारी फाइल बहुधा नाव बदलल्यामुळे तुटली आहे. फिफ या फाइल-स्वरूपातील नोंद २ जीबीपेक्षा मोठी झाली की तिचे तुकडे पडतात आणि पुढच्या तुकड्याचे नाव पहिल्याच्या आत लिहिलेले असते. फोल्डरमध्ये हाताने नाव बदलले की आतला दुवा जुन्याच नावाकडे बोट दाखवत राहतो. नाव बदलायचे तर एमएनई-बिड्ससारख्या साधनाने बदला. ते नोंद उघडून नव्या नावाने पुन्हा लिहिते.

निकाल वेगळे येण्याची कारणे अनेक असू शकतात. तपासण्याचा आमचा क्रम असा. आधी पाहा, तुमच्या यंत्राच्या सूक्ष्म अंशांकनाची (संवेदकांच्या अचूक मापांची) आणि क्रॉसटॉकची (एका वाहिनीचा संकेत दुसरीत किती झिरपतो त्याची) अशा दोन फाइली पाठवल्या होत्या का. त्या त्या यंत्रापुरत्या असतात. त्यांच्याशिवाय मॅक्सवेल गाळणी (डोक्याबाहेरून आलेले संकेत वेगळे काढणारी गणिती प्रक्रिया) चालते, पण बाहेरचा गोंधळ नीट निघत नाही. मग सक्रिय कवच (बाहेरचे क्षेत्र विद्युत वेटोळ्यांनी रद्द करणारी व्यवस्था) चालू होते का ते सांगा, कारण तशी कच्ची नोंद ही गाळणी न लावता वापरणे चूक आहे. गाळणीनंतर ३०६ वाहिन्यांत स्वतंत्र माहिती साधारण सत्तरच परिमाणांची उरते. समोरच्याने सहप्रसरणाची (वाहिन्या एकमेकींसोबत किती बदलतात त्या तक्त्याची) श्रेणी, म्हणजे स्वतंत्र परिमाणांची संख्या, ३०६ धरली, तर स्रोतांचे नकाशे बिघडतात. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त दिवस याच चुकीत जातात.

वेळेचाही हिशेब द्यावा. ६० हर्ट्‌झच्या प्रोजेक्टरची एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची असते. आवाज तीन मीटर नळीतून येत असेल, तर कानापर्यंत पोचायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. ट्रिगर (उद्दीपन पाठवल्याची संगणकाने नोंदलेली खूण) आणि प्रत्यक्ष उद्दीपन यांतला फरक फोटोडायोडने आणि मायक्रोफोनने मोजून लिहून ठेवा. वीजपुरवठ्याची वारंवारताही लिहा: आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, अमेरिकेत ६०.

या बहुतेक नोंदींसाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एमईजी-बिड्स मांडणीत (फाइलींची नावे आणि रचना ठरवणाऱ्या सामाईक पद्धतीत) जागा ठरलेली आहे. स्वतःची मांडणी शोधू नका. फील्डट्रिप, ब्रेनस्टॉर्म आणि एमएनई-पायथॉन या तिन्ही विश्लेषण-सॉफ्टवेअरना ती समजते.

ओळख पटू नये म्हणून एमआरआयमधून चेहरा काढला. आता एमईजीशी जुळवणी होत नाही. (न्यूरॉलॉजी विभाग, मुंबई)

जुळवणी नाकाच्या मुळाशी आणि दोन्ही कानांपुढे घेतलेल्या खुणांवर आणि डोक्याच्या आकाराच्या बिंदूंवर होते. चेहरा पुसला की त्यातल्या काही खुणाही जातात. क्रम उलटा करा: मूळ एमआरआयवर खुणांचे निर्देशांक नोंदवा, जुळवणी पूर्ण करा, मग चेहरा काढा आणि निर्देशांक वेगळ्या फाइलीत सोबत द्या. नोंदीच्या शीर्षकातले नाव, जन्मतारीख आणि तपासणीची तारीखही काढा किंवा सरकवा. तारखा सरकवताना रिकाम्या खोलीची नोंदही तितकेच दिवस सरकवा, नाहीतर कोणती नोंद कोणाची ते कळणार नाही. मूळ एमआरआय तुमच्याकडे असेल, तर सगळे अजून दुरुस्त होते.

आमच्या विद्यापीठात यंत्र नाही. तरीही या कामात येता येईल का? (एम.एस्सी. विद्यार्थी, कोल्हापूर)

नक्की या. भारतात बंगळूरच्या निम्हान्समध्ये आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात एमईजी आहे, पण शिकायला यंत्राजवळ असण्याची गरज नाही. ओपनन्यूरो या मेंदूविषयक नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावरील डीएस०००११७ हा संच उतरवून घ्या. त्यात १६ जणांना चेहरे दाखवून घेतलेल्या एमईजी, ईईजी आणि एमआरआय नोंदी आहेत, आणि निरनिराळ्या सॉफ्टवेअरनी केलेली त्यांची विश्लेषणे उपलब्ध असल्यामुळे आपले उत्तर ताडून पाहता येते. सोळाही जण एकदम घेऊ नका. एकाच व्यक्तीची नोंद कच्च्या फाइलीपासून स्रोतापर्यंत न्या. जिथे सूचना अपुरी वाटेल तिथे सॉफ्टवेअरच्या चमूला दुरुस्ती लिहून पाठवा, सोबत आवृत्ती क्रमांक आणि चूक पुन्हा घडवून दाखवणाऱ्या दहा-वीस ओळी द्या. अशा दुरुस्त्या स्वीकारल्या जातात आणि करणाऱ्याचे नाव नोंदले जाते.