परकीय भागीदाराचे पैसे आले, समभाग दिलेच नाहीत

नागपुरातील एका कुरिअर कंपनीच्या संचालकांचा प्रश्न असा आहे, की परदेशी कंपनीने आमच्या कंपनीत चाळीस टक्के हिस्सा घेतला तर टपाल कायद्याप्रमाणे आम्हाला पत्रे आणि कागदपत्रे वाहून नेता येतील काय. गांधीबागेत त्यांचे कार्यालय आहे. इतवारीतील व्यापाऱ्यांची पार्सले आणि सिव्हिल लाइन्समधील वकिलांची पाकिटे यांवर त्यांचा धंदा चालतो. सिंगापूरच्या एका कंपनीशी त्यांनी सामंजस्य करार केला, १० फेब्रुवारीला तिचे साठ लाख रुपये खात्यात जमा झाले आणि टपालाचा मुद्दा स्पष्ट होईपर्यंत समभागांचे वाटप थांबवून ठेवले. पत्र जूनअखेरचे आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका करून आधी कायद्याचा खुलासा मिळवावा काय, असेही त्यांनी विचारले आहे. विदर्भातील छोट्या कुरिअर आणि वाहतूक कंपन्यांकडून याच धर्तीची विचारणा वारंवार होते, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

टपाल कायद्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण आपली अडचण तिथे नाही. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या कलम ४ ने पत्रे वाहून नेण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला होता. तो मोडणाऱ्याला दर पत्रामागे पन्नास रुपयांपर्यंत दंड होता आणि म्हणूनच वर्षानुवर्षे कुरिअरवाले पावतीवर पत्र न लिहिता ‘डॉक्युमेंट’ असे लिहीत आले. २००६ मध्ये सरकारने या कायद्यात दुरुस्ती करून ठरावीक वजनापर्यंतची पत्रे टपाल खात्यासाठी राखून ठेवण्याचा आणि कुरिअर कंपन्यांतील परकीय हिस्सा ४९ टक्क्यांवर रोखण्याचा मसुदा पुढे केला होता, पण तो कायदा कधी झाला नाही. २०१३ मध्ये तर कुरिअर सेवेतील शंभर टक्के परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गावर, म्हणजे सरकारच्या पूर्वपरवानगीविना, खुली झाली. पत्रवाटप तेवढे त्यातून वगळलेले होते. पुढे पोस्ट ऑफिस कायदा, २०२३ आला, १८ जून २०२४ पासून तो अमलात आला आणि जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात पत्रवहनाची मक्तेदारी नाही. टपाल तिकिटे काढण्याचा अनन्य अधिकार तेवढा टपाल खात्याकडे आहे. गुंतवणूक धोरणातील पत्रवाटपाच्या अपवादाला आता कितपत अर्थ उरतो, याबद्दल आपल्या बँकेचे मत वेगळे असू शकते आणि ते लेखी मागून घेणे इष्ट. मात्र या कारणासाठी गुंतवणूक अडवून ठेवावी, असे मला वाटत नाही.

आपण पत्रासोबत जोडलेले कात्रण चीनचे आहे. देशांतर्गत पत्रांच्या एक्स्प्रेस वाटपात परकीय गुंतवणुकीला मज्जाव करणारा सुधारित टपाल कायदा चीनमध्ये १ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. भारतातील कंपनीशी त्याचा काडीचा संबंध नाही. व्हॉट्सअॅपवर आलेले कात्रण कोणत्या देशाचे आहे एवढे तरी साठ लाखांचा व्यवहार अडवून ठेवण्यापूर्वी पाहायला हवे होते.

आता खरा प्रश्न. १० फेब्रुवारीला पैसे जमा झाले आणि त्याच दिवसापासून दोन कायद्यांची घड्याळे एकदम सुरू झाली. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे फेमा, याखालील २०१९ च्या नियमांनुसार परदेशी गुंतवणूकदाराचे पैसे मिळाल्यापासून साठ दिवसांत समभाग द्यावे लागतात, आणि ते दिले नाहीत तर त्यानंतरच्या पंधरा दिवसांत पैसे परत करावे लागतात. कंपनी कायदा, २०१३ चे कलम ४२ हेच सांगते आणि वर आणखी एक गोष्ट सांगते: पंधरा दिवसांतही रक्कम परत गेली नाही, तर साठाव्या दिवसानंतरच्या काळासाठी वार्षिक १२ टक्के व्याज द्यावे लागते. आपला साठावा दिवस ११ एप्रिलला संपला आणि परताव्याची मुदत २६ एप्रिलला. साठ लाखांवर १२ टक्के म्हणजे दरमहा साठ हजार रुपये, आणि हा आकडा आपण पत्र लिहीत होता तेव्हाही वाढतच होता. शिवाय पंचाहत्तर दिवसांनंतरही कंपनीकडे राहिलेली अशी रक्कम ठेवींच्या नियमांखाली ठेव धरली जाते, ते निराळेच. साठ दिवस मोजायला वकील लागत नाही, आणि स्वतःच्या मनाने मुदत थांबवून ठेवण्याची सोय कोणताही कायदा देत नाही.

आपल्या पत्रातील दोन वाक्यांनी मला अधिक काळजीत टाकले. पहिले असे, की त्या पैशांतून दोन छोटा हत्ती घेतले आणि वर्धा रोडवरील गोदामाची अनामत भरली. कलम ४२ प्रमाणे समभागांसाठी आलेली रक्कम शेड्यूल्ड बँकेतील स्वतंत्र खात्यात ठेवायची असते आणि वाटप किंवा परतावा याखेरीज तिला हात लावायचा नसतो. वाटप झाल्यावरही, त्याचे विवरण फॉर्म पास-३ मध्ये कंपनी निबंधकांकडे दाखल होईपर्यंत ती वापरता येत नाही. आपण ती चालू खात्यात घेतली आणि खर्चूनही टाकली. या कलमाच्या भंगासाठी उभारलेली रक्कम किंवा दोन कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात तो इतका होईलच असे नाही. स्वतःहून दुरुस्ती केलेल्या कंपनीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाण्याची शक्यता असते.

दुसरे वाक्य त्याहून गंभीर. ५ एप्रिलची तारीख टाकून संचालक मंडळाचा ठराव करू आणि वाटप वेळेत झाले असे दाखवू, असा सल्ला आपल्याला कोणीतरी दिला आहे. तो सल्ला कोणाचाही असो, पाळू नका. बँकेच्या कागदावर पैसे जमा झाल्याची तारीख आहे, पास-३ वर डिजिटल सहीची वेळ उमटते, आणि रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर हा, परकीय गुंतवणूकदाराला समभाग दिल्याचे कळवणारा, फॉर्म वाटपापासून तीस दिवसांत भरायचा असतो. हे तिन्ही कागद शेजारी ठेवले की मागील तारखेचा ठराव उघडा पडतो. आज आपल्याकडून झाला आहे तो विलंब, आणि विलंबाला दंड भरून मार्ग निघतो. खोटा ठराव केला तर गोष्ट कंपनी कायद्याच्या कलम ४४७ व ४४८ पर्यंत, म्हणजे फसवणूक आणि खोटे निवेदन यांपर्यंत जाते आणि तिथे तुरुंगवासाची तरतूद आहे.

माझ्या मते सरळ मार्ग पैसे परत करण्याचाच आहे: साठ लाख आणि देय व्याज बँकेमार्फत गुंतवणूकदाराला पाठवावे, नंतर नव्याने मूल्यांकन, विशेष ठराव व प्रस्तावपत्र करून नवे पैसे स्वतंत्र खात्यात घ्यावेत आणि काही दिवसांत वाटप उरकावे. एवढ्या उशिरा परत पाठवताना बँक कदाचित रिझर्व्ह बँकेकडे विचारणा करील, आणि व्याजाच्या रकमेबद्दल तर नक्कीच खुलासा मागेल. त्यासाठी सर्व तारखा खऱ्या देणारे एक साधे निवेदन तयार ठेवा. वाहनांत अडकलेली रक्कम कर्ज काढून उभी करावी लागेल, याला इलाज नाही. झालेल्या भंगासाठी फेमाच्या कलम १५ खाली कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक मान्य करून ठरेल ती रक्कम भरण्याचा अर्ज करता येतो. कलम १३ खाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. कंपाउंडिंगमध्ये तो बहुधा त्याच्या जवळपासही जात नाही, पण नेमका आकडा आज कोणी सांगू नये.

तथापि कंपाउंडिंगच्या आधी एक शंका मिटली पाहिजे. सिंगापूरची ही कंपनी कोणाची? २०२० च्या एप्रिलमध्ये आलेल्या नियमाने भारताला लागून भूसीमा असलेल्या देशांतील गुंतवणूकदारांना, तसेच ज्या गुंतवणुकीचा लाभार्थी मालक, म्हणजे कागदावरील नावामागचा खरा मालक, अशा देशात आहे किंवा तिथला नागरिक आहे अशांना, सरकारी मंजुरी बंधनकारक केली. त्या वेळी किती टक्के मालकीपासून हे बंधन लागू व्हावे याचा आकडा नियमात नव्हता. नंतरचे बदल व्यवहाराच्या दिवशी तपासून घ्यावेत. चिनी भांडवल सिंगापूरमार्गे येणे नवलाचे नाही. सामंजस्य करारात आपल्याकडे फक्त कंपनीचे नाव आहे, तिच्या भागधारकांचा एक शब्दही नाही. शेवटच्या व्यक्तीपर्यंतचा मालकीचा तक्ता आणि पैसे पाठवणाऱ्या बँकेचा केवायसी अहवाल मागवा. तक्त्याच्या शेवटी असा मालक निघाला, तर मंजुरीविना आलेली ती गुंतवणूक मंजूर होईपर्यंत किंवा पैसे परत जाईपर्यंत कंपाउंडिंगचा अर्ज पुढे सरकणार नाही.

याचिकेचा विचार सोडून द्या. जो कायदा रद्द झाला त्याचा अर्थ विचारायला खंडपीठाकडे जाण्यात हशील नाही, आणि ती दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच काही महिने गेले तरी व्याज थांबत नाही. सिंगापूरच्या कंपनीला विदर्भात फक्त पाकिटे पोहोचवून हवी असतील, तर समभागांची गरजही नाही; दर पाकिटामागे ठरलेल्या मोबदल्याचा सेवा करार पुरेल. त्याला स्वतंत्र खाते, मूल्यांकन, एफसी-जीपीआर यांपैकी काही लागत नाही, मात्र जीएसटीचा भाग आपल्या सीएंकडून तपासून घ्या. हा पर्याय त्यांच्यापुढे ठेवा, पण पैसे परत केल्याची बँकेची नोंद हाती आल्यावर, त्याआधी नाही.