कोपाईला सरिता म्हणू नकोस

प्रिय मित्रा,

रवींद्रनाथ टागोरांच्या 'कोपाई' या बंगाली कवितेचा तुझा अनुवाद दोनदा वाचला. बंगाली तुला नीट कळलंय. पण नदीला तू फार नटवलंस. 'सरिता' काय, 'जलौघ' काय! अरे, ही शांतिनिकेतनजवळून जाणारी बंगालातल्या बीरभूम जिल्ह्याची लहानशी नदी. रस्ता काठाशी येऊन थांबतो, तिथे ती वाटसरूला आपल्या अंगावरून वाट देते.

रवींद्रनाथांनी ही कविता सुरू केलीय ती पद्मेपासून, पूर्व बंगालातल्या त्या मोठ्या नदीपासून, हे विसरू नकोस. शिलाईदहला घरच्या जमीनदारीवर राहत, त्या दिवसांत बोटीतून पाहिलेली ती पद्मा. गावांच्या शेजारून जाते, त्यांना सोसते, पण आपलं मानत नाही. तिथे तुझे भारदस्त शब्द राहू देत, शोभतात. मग कोपाई येते. तिला जुन्या कुळाची मिरास नाही, नावही अनार्य, संथाळ बायकांच्या हसण्या-बोलण्यात मुरलेलं. आणि कवी स्पष्टच सांगतो की हिची भाषा घरगुती वस्तीतली, तिला कुणी साधुभाषा म्हणत नाही. साधुभाषा म्हणजे तेव्हाची ग्रंथी बंगाली. एवढं सांगूनही तू तिच्या तोंडी 'जलौघ' घातलास! 'पुनश्च' (१९३२) हा गद्यकवितांचा संग्रह. छंदाची पक्की चौकट सोडून त्यांनी या नदीचा मोडका ताल धरला, तो तुझ्या मराठीत ऐकू आला पाहिजे.

भारदस्तपणाचं मला वावडं नाही. एकोणिसाव्या शतकातले बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त, त्यांचं कपोताक्ष नदीवरचं सुनीत बघ. जेसोरकडच्या सागरदाडीची ती गावची नदी, आणि हा माणूस बसलाय फ्रान्समध्ये, व्हर्सायला. तो तिला 'हे नद' अशी, पुरुष मानून, हाक मारतो. एवढ्या लांबून मारलेली हाक मोठ्यानंच मारावी लागते. कोपाई मात्र 'प्रतिवेशिनी', शेजारीण. शेजारणीला कोणी 'हे सरिते' म्हणतं का?

पुढचा खर्डा करण्याआधी 'सहज पाठ' या रवींद्रनाथांच्या मुलांसाठीच्या बंगाली वाचनपाठातली 'आमादेर छोटो नदी' (आमची छोटी नदी) ही कविता मोठ्यानं म्हण. बंगाली पोरं लहानपणीच पाठ करतात ती. वैशाखात गुडघाभर पाणी, बस, एवढंच.

'कोपाई'च्या शेवटच्या ओळींना फार हात लावू नकोस. धनुष्य घेतलेला संथाळ पोरगा, पेंढ्यांनी भरलेली बैलगाडी, कावडीत मडकी घेऊन बाजाराला निघालेला कुंभार, मागोमाग गावातलं कुत्रं, आणि महिना तीन रुपये पगाराचे गुरुजी. त्यांच्या डोक्यावरची छत्री तू 'जीर्ण' केलीस. ती फाटकी आहे.

तुझा,
काका